फ्रीडलचा भाऊ

पहिल्यांदा येणारा माणूस मला गाडीतून उतरायच्या आधीच ओळखू येतो. तो फाटकाबाहेर गाडी उभी करतो, इंजिन बंद करतो आणि उतरत नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहतो. बायको बरोबर असेल तर तिच्याशी काहीतरी बोलतो, आणि ती खिडकीबाहेर बघते. अशा वेळी मी काउंटरवरून उठत नाही. आपण उठून बाहेर गेलो की ते गाडी वळवून निघून जातात. दोनदा असं झालंय.

आमचा कॅम्प बाल्टिकच्या काठी, पाइनच्या झाडीत आहे. झाडी संपली की वाळूच्या टेकड्या, टेकड्या ओलांडल्या की पाणी. इथं कपड्यांशिवाय राहायचं. माझ्या आईवडिलांच्या वेळेपासून तसंच आहे. मी याच वाळूत रांगले. बर्लिनची भिंत पडली, कॅम्पला नवा मालक आला, त्यानं विचारलं, काउंटर सांभाळशील का. तेव्हापासून एप्रिल ते ऑक्टोबर मी काउंटरमागच्या खोलीत राहते आणि बाकीचे महिने जवळच्या रिबनित्स गावातल्या फ्लॅटमध्ये काढते. नवऱ्यानं फार पूर्वीच दुसरीकडे संसार थाटला. मूलबाळ नाही. हे सांगायचं कारण एवढंच, की माझं वर्ष उन्हाळ्यापुरतंच असतं आणि उन्हाळ्यात माझी म्हणावी अशी एकच मैत्रीण होती, फ्रीडल.

फ्रीडल दर जुलैला तीन आठवड्यांसाठी यायची. सव्वीस वर्षं. जागा ठरलेली, त्रेचाळीस नंबर, वाकड्या पाइनखाली. तिचा हिरवा तंबू हिवाळ्यात आमच्याच गोदामात पडून असायचा. ती त्स्विकाउला एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. नाताळला एकमेकींना कार्ड टाकायचो, जानेवारीत तिचं बुकिंगचं पत्र यायचं, की जुलैपर्यंत काही नाही. फोन आम्ही कधी केला नाही. का नाही केला, याला मला आता उत्तर देता येत नाही.

त्या जुलैत तिच्या तारखेला फाटकाबाहेर एक जुनी निळी गाडी येऊन उभी राहिली. गाडीत एकटा पुरुष. मी घड्याळ बघत होते, कारण फ्रीडल नेहमी दुपारच्या बसनं यायची. तो माणूस चाळीस मिनिटं तसाच बसून होता. मग उतरला. साठीच्या पुढचा, काटकुळा, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, प्रार्थनेला निघाल्यासारखा. काउंटरवर येऊन त्यानं एक कागद ठेवला. कागदावर माझंच अक्षर होतं, जानेवारीत पाठवलेली बुकिंगची पावती. जागा त्रेचाळीस.

"ही फ्रीडलची जागा आहे," मी म्हटलं. "ती कुठंय? बसनं येतेय का?"

"फ्रीडल कोण?"

"क्रिस्टफ्रीड नॉयबर्ट. आम्ही सगळे फ्रीडल म्हणतो."

"घरी तिला असं कुणी म्हणत नसे," तो म्हणाला. "मी ट्राउगोट नॉयबर्ट. तिचा भाऊ."

मी हसले. मला खरंच वाटलं की याची कुणीतरी फजिती केलीय. "तुमची काहीतरी चूक होतेय. फ्रीडलला भाऊ नाही."

त्यानं खिशातून ओळखपत्र काढलं आणि कागदाशेजारी ठेवलं. ते काढताना दिसलं, त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं. ओळखपत्रावरचं गाव दक्षिणेच्या डोंगरातलं, चेक सीमेलगतचं. फ्रीडल बोलताना कधीमधी तसले डोंगरी हेल काढायची.

"ती मार्चमध्ये वारली," तो म्हणाला. "झोपेत. तिचं घर रिकामं करताना हा कागद मिळाला. दाराजवळ पिशवीही भरलेली होती. मार्चमध्येच."

अशा वेळी माणूस म्हणतो, वाईट झालं, बसा, पाणी घ्या. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी जे रोज नव्या माणसांना सांगते तेच सांगायला लागले, एका सुरात, पाठ केलेलं.

"टॉवेल कायम जवळ ठेवायचा. खुर्ची असो, बाक असो, वाळू असो, बसायचं ते टॉवेलवर. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. फोटो काढायचे नाहीत, कुणाचेच. पायांत चपला घाला, पाइनची बोंडं टोचतात. ऊन जिथं आजवर लागलेलं नाही तिथं जास्त क्रीम लावा. कपडे तंबूतच काढून या. किनाऱ्यावर येऊन एकेक काढत बसलात तर उगीच अवघडल्यासारखं होतं. पोट आत ओढून धरू नका, पाच मिनिटांपेक्षा जास्त कुणालाच जमत नाही. पुरुषांना एक काळजी असते, ती करू नका. पाणी सोळा अंशांवर आहे. पहिली पाच मिनिटं जड जातात, पुढं विसरायला होतं. आणि इथं सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात."

तो मान खाली घालून ऐकत होता, प्रवचन ऐकावं तसा. मग म्हणाला, "सगळेच?"

"काय सगळेच?"

"सगळेच काढतात?"

"थंडी नसेल तर सगळेच."

तो मान हलवून म्हणाला, "आभारी आहे, बाई. तुमचं नाव?"

"गेझीन."

"आडनाव?"

"वेंडलांड."

"आभारी आहे, वेंडलांडबाई."

तंबू त्याला उभारता येईना. मी गोदामातून काढून आणला आणि मीच उभारला. आतल्या कापडी खिशात फ्रीडलच्या केसांतल्या चार पिना होत्या. त्यानं त्या तळहातावर घेतल्या आणि पुन्हा तिथंच ठेवल्या. मी खोलीवर आले, दार लावलं, आणि काउंटरवरची घंटा दोनदा वाजली तरी उठले नाही.

पुढचे तीन दिवस ट्राउगोट नॉयबर्ट पांढरा शर्ट, गडद पॅन्ट आणि मोजे घालून कॅम्पात वावरला. सकाळी आमच्या दुकानातून काळा पाव आणि धुरी दिलेला हेरिंग मासा घ्यायचा, तंबूपुढं बसून खायचा, भांडी घासायचा आणि टेकडीवर जाऊन बसायचा. दुकानात त्याच्या पुढंमागं उघडी माणसं पाव घ्यायला उभी असायची आणि तो छताकडे बघत उभा असायचा. दुकानात लोक एरवी गप्पा मारतात. तो आला की गप्प व्हायचे. कपडे घातलेला एकजण आला की बाकीच्यांना आपण उघडे आहोत हे आठवतं.

हिनर्क म्हणून आमचा एक जुना रहिवासी आहे, रोस्टॉकच्या गोदीत क्रेन चालवायचा, आता पंचाहत्तर वर्षांचा. तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "गेझीन, तो इन्कमटॅक्सवाला कोण आलाय?"

"फ्रीडलचा भाऊ आहे."

"फ्रीडलला कुठला भाऊ?"

"होता म्हणे."

"आणि ती?"

मी सांगितलं. हिनर्कनं डोक्यावरची टोपी काढली. अंगावर तेवढीच होती. टोपी हातात धरून म्हणाला, "गेल्या वर्षी माझ्याकडून पत्त्यांत हरली होती. म्हणाली, पुढच्या वर्षी बघून घेते." आणि काही न घेता निघून गेला.

चौथ्या दिवशी माग्डेबुर्गचं एक कुटुंब तक्रार घेऊन आलं. नवराबायको दोघंही चांगली माणसं, दोन मुली बरोबर. बाई म्हणाली, "तो माणूस कपडे घालून टेकडीवर बसतो आणि तासन्‌तास किनाऱ्याकडे बघतो. आम्हाला बरं वाटत नाही."

त्यांचं चूक नव्हतं. असल्या जागी तशा माणसाला एक दिवससुद्धा ठेवत नाहीत. दुसरा कुणी असता तर मी पहिल्याच दिवशी हाकलला असता. संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, मी त्रेचाळीस नंबरवर गेले. तो बटाटे सोलत बसला होता.

"तुम्ही टेकडीवर बसून काय बघता?"

"पाणी."

"लोकांना वाटतं त्यांना बघता."

तो कानापर्यंत लाल झाला. सुरी खाली ठेवली. "वेंडलांडबाई, मी समुद्र पहिल्यांदा बघतोय. आमच्याकडे नुसते डोंगर. तिथं खाली किती माणसं असतात हेही मला सांगता येणार नाही. मी लांब बघतो. जवळचं काहीच बघत नाही."

"माझा विश्वास आहे. पण त्यांना कसं कळावं? उद्यापासून एक तर कपडे काढा, नाहीतर किनाऱ्यावर हद्दीचा खांब आहे, त्याच्या पलीकडे जाऊन बसा. तिकडे कपडेवाल्यांचा किनारा आहे. समुद्र तोच."

"मी उद्या निघतो," तो म्हणाला.

बरं, म्हणून मला परत येता आलं असतं. काम झालं होतं. पण तो निघाला की फ्रीडलचं म्हणून काहीच उरणार नव्हतं, तंबूसुद्धा. मी टॉवेल टाकून त्याच्या समोर बसले. झगा मी काउंटरपुरताच घालते, त्यामुळे अंगावर काही नव्हतं. त्यानं पटकन बटाट्यांकडे बघितलं.

"तोंडाकडे बघायचं," मी म्हटलं. "सांगितलं होतं ना."

त्यानं वर बघितलं. पहिल्यांदाच मला त्याचे डोळे नीट दिसले. फ्रीडलचेच होते, फिकट, पापण्या जड.

"ती खरंच म्हणाली होती?" त्यानं विचारलं. "भाऊ नाही म्हणून?"

"पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, घरी कोण कोण आहे. म्हणाली, कुणी नाही. मी पुन्हा विचारलं नाही."

"बरोबरच सांगितलं तिनं."

मग तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला, बटाटे तसेच पाण्यात ठेवून. वडील प्रार्थनामंडळाचे प्रमुख. घरात लाकूड कातायचा धंदा, नाताळच्या मेणबत्त्यांच्या कमानी आणि बाहुल्या. गावातल्या एकानं फ्रीडलला इथं किनाऱ्यावर पाहिलं आणि गावात जाऊन सांगितलं. तो स्वतः इथं काय करत होता हे कुणी विचारलं नाही. वडिलांनी घरच्या बायबलच्या पहिल्या पानावरचं तिचं नाव खोडलं आणि तिला घर बंद झालं.

"आणि तुम्ही?"

"मी तेव्हा चाळिशीला आलो होतो. लहान होतो असं म्हणता येत नाही." त्यानं हात फडक्याला पुसले. "वडील गेले तेव्हा ती आली होती. आम्ही चर्चच्या दारात उभे होतो, लोक एकेक करून हात हातात घेत होते. तिची पाळी आली. तिनं हात पुढं केला. मी घेतला नाही. तिच्या मागं आमचा सुतार होता, त्याचा घेतला."

"मग?"

"मग काय. ती निघून गेली. तिनंही काही विचारलं नाही, मीही नाही. एकवीस वर्षं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. मला आठवलं, दर वर्षी निघायच्या दिवशी फ्रीडल तंबू गुंडाळताना कसली तरी गाणी गुणगुणायची, देवाची, आणि मी विचारलं की म्हणायची, जुनी खोड आहे. ते मी त्याला सांगितलं. त्यानं हळूच एका गाण्याची सुरुवात म्हणून दाखवली. तेच होतं.

"इथं ती काय करायची?" त्यानं विचारलं.

"पोहायची. वाचायची. पत्ते खेळायची आणि हरायची. आंबट बेरीचा मुरंबा करायची आणि सगळ्यांना वाटायची. आणखी काय करणार."

"बाकी काही नाही?"

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्यानं पुन्हा सुरी उचलली. त्याला काय वाटलं होतं ते मला ठाऊक आहे. पुष्कळांना वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी गाडी जागेवरच होती. अकराच्या सुमाराला, भर गर्दीच्या वेळी, ट्राउगोट झाडीतून बाहेर आला आणि टेकडी उतरून थेट वाळूत गेला. मी पाण्याच्या कडेला होते. मी त्याला सांगितलं होतं की कपडे तंबूतच काढून या, पण ते तो विसरला असावा. त्यानं वाळूत टॉवेल अंथरला, काठ सरळ केले. शर्ट काढला, घडी घातली. पॅन्ट काढली, घडी घातली. मोजे बुटांत घातले. शेवटचं कापड काढायला त्याला इतका वेळ लागला की मी दुसरीकडे बघायला लागले. पुन्हा बघितलं तेव्हा तो दोन्ही हात पुढं धरून उभा होता. मान आणि मनगटं तांबूस, बाकी सगळं पिठासारखं. उभा होता, आणि वाट बघत होता.

काही झालं नाही. शेजारी एक म्हातारी शब्दकोडं सोडवत होती, ती सोडवत राहिली. हिनर्क टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. पलीकडे व्हॉलीबॉल चालला होता, त्यातला बॉल घरंगळत ट्राउगोटच्या पायाशी आला.

"जरा इकडे टाक ना," तिकडून एक बाई ओरडली. तक्रार घेऊन आलेलीच ती.

बॉल उचलायला हात लागतात. त्यानं एकदा बॉलकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, मग वाकून दोन्ही हातांनी बॉल उचलला आणि फेकला. वाईट फेकला. ती "थँक यू" म्हणाली आणि खेळायला लागली.

तो तसाच माझ्यापाशी चालत आला. हात आता बाजूला लोंबत होते.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"एवढंच होतं हे?"

त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी कित्येक माणसांची पहिली पाच मिनिटं बघितलीत. लोक हसतात, सुटल्यासारखं करतात, काही जण लगेच बिअर मागतात. रडणारा हाच. आवाज न करता, किनाऱ्याकडे पाठ करून. मग तो पाण्यात गेला, कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. पोहता येत नव्हतं त्याला. अर्धा तास तरी उभा होता, आणि त्या गार पाण्यात इतका वेळ कुणी उभं राहत नाही.

बाहेर आला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि खांदे लाल. "पाठीला क्रीम लावलं का?" मी विचारलं.

"हात पोचत नाही."

एकट्या माणसाची पाठ हा इथला कायमचा प्रश्न आहे. कॅम्पात जोडप्यांचं बरं असतं. माझी आणि फ्रीडलची सोय होती, ती माझ्या पाठीला लावायची, मी तिच्या. त्या वर्षी जुलै अर्धा संपला होता आणि माझी पाठ सोलवटून निघाली होती. नाताळात हात मिळवतात तेवढं सोडलं तर वर्षभरात मला दुसऱ्या माणसाचा हात लागायचा तो त्या तीन आठवड्यांत. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

"वळा," मी म्हटलं.

मी त्याला क्रीम लावलं. तो खांब झाल्यासारखा ताठ उभा होता. झाल्यावर त्यानं बाटली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "तुमचीही जळलीय."

त्याचा तळहात खरखरीत होता, लाकूडकामाचा. अर्ध्या बोटाची जागा वेगळी कळत होती. त्यानं कडेपर्यंत नीट लावलं, वार्निश लावावं तसं, एक जागा न सोडता.

"तिला पुन्हा कधीच विचारलं नाहीत?" मागून तो म्हणाला.

"नाही. आपण माणसाला एकदाच विचारतो आणि सुटतो." मग म्हटलं, "माझंही चुकलंच की."

तो फ्रीडलच्या बुकिंगप्रमाणे तीन आठवडे पुरे करून गेला. हिनर्कनं त्याला पत्ते शिकवले आणि हरवलं. पोहणं जमलं नाही. माझ्याखेरीज सगळे त्याला अरे-तुरे करायचे, तो प्रत्येकाला अहो-जाहो करायचा, अगदी माग्डेबुर्गच्या मुलींनासुद्धा, आणि त्या खिदळायच्या. आम्ही दोघं रोज सकाळी बाकावर आपापले टॉवेल टाकून कॉफी प्यायचो. फारसं बोलायचो नाही. जाताना फाटकाशी त्यानं हात पुढं केला, मी घेतला, आणि त्यानं तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग गाडीत बसला आणि लगेच निघाला.

नोव्हेंबरात रिबनित्सच्या पत्त्यावर त्याचं पत्र आलं. कातकाम करणाऱ्या माणसाचं अक्षर, खोल, कागदाच्या मागून उमटलेलं. त्यानं प्रार्थनामंडळात उभं राहून सगळं सांगितलं होतं. कुठं गेलो होतो, काय केलं, आणि बहिणीच्या बाबतीत काय केलं. घरच्या बायबलमध्ये तिचं नाव पुन्हा लिहिलं, तेही सांगितलं. "कुणी वाईट बोललं नाही," त्यानं लिहिलं होतं. "आमच्याकडे कुणी वाईट बोलत नाही. फक्त आता मी ज्या बाकावर बसतो तिथं दुसरं कुणी बसत नाही. सुतार रस्त्यात भेटला तर पलीकडच्या बाजूनं जातो. तिला कसं वाटलं असेल ते आता थोडं कळतं. थोडंच. मला निदान घर आहे."

ते पत्र वाचून मी फोन उचलला. नंबर त्यानं खाली लिहिला होता. त्यानं घेतला. मी म्हटलं, मी गेझीन बोलतेय. तो म्हणाला, हो. मग त्यानं सांगितलं की तिकडे बर्फ पडलाय. मी म्हटलं, इकडे नाही, नुसता वारा. असे आम्ही पंधरा दिवसांनी बोलायला लागलो. बोलणं तेवढंच असायचं.

पुढच्या जुलैत तो आला, सहा दिवसांसाठी, आणि सहाही दिवस पाऊस पडला. उन्हाळ्यात इथं असं होतं. सगळा कॅम्प रेनकोट आणि रबरी बूट घालून फिरत होता, हिनर्कसुद्धा. लोक चिडचिड करून लवकर निघून गेले. ट्राउगोट काउंटरमागच्या माझ्या खोलीत बसून असायचा, कधी बटाटे सोलत, कधी कुलपं दुरुस्त करत. खिडकीतून रिकामं व्हॉलीबॉलचं कोर्ट दिसायचं. जेवायला भाजलेला मासा आणि बटाट्याचं सॅलड, रोज तेच. चौथ्या दिवशी पाऊस थोडा ओसरला तेव्हा तो एकटा टेकडी उतरून पाण्यात जाऊन आला, आणि मी टॉवेल घेऊन काठावर उभी होते. दुसरं कुणीही नव्हतं.

"नाताळच्या आधी येशील का आमच्याकडे?" निघताना त्यानं विचारलं. पहिल्यांदाच एकेरीत, आणि विचारून झाल्यावर स्वतःच दचकला.

मी म्हटलं, बघू.

डिसेंबरात गेले. दोन गाड्या बदलून, पुढचा डोंगराचा रस्ता बसनं. त्याच्या गावात प्रत्येक खिडकीत मेणबत्त्यांची लाकडी कमान होती, त्यातल्या अर्ध्या त्याच्याच हातच्या, आणि रस्त्यावर आमच्याशी कुणी बोललं नाही. त्यानं मला कातायचं यंत्र दाखवलं, फ्रीडलची लहानपणची खोली दाखवली, तिथंच माझी झोपायची सोय केली होती. उशी नवी होती, किमतीची चिठ्ठी तशीच राहिलेली. मी ती काढून खिशात टाकली, त्याला बोलले नाही.

रविवारी चर्चला गेलो. आम्ही मागून दुसऱ्या बाकावर बसलो. चर्च भरलं होतं, लोक भिंतीला टेकून उभे होते, आणि आमच्या बाकावर आम्ही दोघंच. चांगलं सहा माणसांचं बाक. मला देवाधर्माचं काही येत नाही, आमच्या घरात नव्हतंच. गाणं सुरू झालं तसे सगळे उठले. ट्राउगोट समोर बघत म्हणत होता, मोठ्यानं, थोडा बेसूर. मला शब्द येत नव्हते. मी नुसती त्याच्या शेजारी उभी राहिले.